बुर्ग एल्ट्स: तीन भावांच्या वंशांनी एकच किल्ला साडेपाचशे वर्षं कसा सांभाळला?

मोझेलकाठ

जर्मनीतल्या कोब्लेन्झला राहायला येऊन मला सहा वर्षं झाली. गावाकडून कोणी आलं की मी त्यांना बुर्ग एल्ट्सला नेतोच. गेल्या महिन्यात आई-बाबांना घेऊन गेलो, ती माझी नववी खेप. तिथे बाबांनी एक प्रश्न विचारला, तो डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

आधी जागा सांगतो. मोझेल नदीला मिळणारा एल्ट्सबाख नावाचा ओढा आहे. त्याने तीन बाजूंनी वळसा घातलेला साधारण ७० मीटर उंचीचा कातळ, आणि त्या कातळाच्या माथ्यावर किल्ला. माथ्यावर मोकळी जागा अशी उरलेलीच नाही, कातळ संपतो तिथे भिंत सुरू होते. आपल्याकडे किल्ला म्हणजे आधी चढ, मग धाप, मग दरवाजा. इथे वियर्शेमच्या बाजूने आलं की गर्द झाडीतून उतरत जायचं. एक वळण येतं आणि किल्ला एकदम पायाखाली दिसतो. बाबा तिथे बराच वेळ काही बोललेच नाहीत.

११५७ साली सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या एका दानपत्रावर साक्षीदार म्हणून रुडॉल्फ फॉन एल्ट्सचं नाव आहे. किल्ला आजही त्याच घराण्याकडे आहे. १२६८ च्या आधी एलियास, विल्हेल्म आणि थिओडोरिख या तीन भावांत वाटणी झाली. तीन शाखा झाल्या: सोनेरी सिंहाची, रुपेरी सिंहाची आणि रेड्याच्या शिंगांची. ढालीवरच्या चिन्हावरून ही नावं. पण किल्ला तोडला नाही. एकाच चौकाभोवती प्रत्येक शाखेने आपापलं घर चढवलं: याच क्रमाने केम्पेनिख, रुबेनाख आणि रोडेनडॉर्फ. चौकात उभं राहून वर बघितलं की मान दुखते, काही ठिकाणी आठ आठ मजले आहेत. ऐंशीच्या वर खोल्या आणि भरभराटीच्या दिवसांत शंभरेक माणसं.

बाबा चौकातल्या फरसबंदीवर उभे होते. म्हणाले, "तीन भावांचे वंश, दरवाजा एक, चौक एक. हे लोक एकमेकांच्या उरावर कसे नाही बसले?" आमच्या गावच्या वाड्याचं तिसऱ्या पिढीत काय झालं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून त्यांच्या तोंडी हा प्रश्न आला.

माझं मत असं की त्यांनी भांडण होणारच हे गृहीत धरलं आणि आधीच कागद केला. त्याला 'बुर्गफ्रीडन' म्हणतात, म्हणजे किल्ल्यापुरता शांततेचा करार. तुम्हाला काय वाटतं? आणि कोणी पाहून आलं असेल तर तेही लिहा.

शब्दवेल

सुंदर विषय. 'बुर्गफ्रीडन' हा शब्द जर्मन राजकारणातही आला. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर तिथल्या पक्षांनी आपसातली भांडणं बाजूला ठेवायचं ठरवलं, त्या धोरणाला हेच नाव पडलं. तटाच्या आतला नियम सगळ्या देशाला लावला.

असा किल्ला सामाईक धरणाऱ्या वारसांना जर्मनमध्ये 'गानएर्बे' म्हणतात आणि अशा किल्ल्याला 'गानएर्बेनबुर्ग'. आपला 'सहहिस्सेदार' त्याच्या अगदी जवळचा.

गडवाट

दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. मोझेलकर्न स्टेशनवर उतरून ओढ्याच्या काठाने चालत. तास-सव्वा तास लागतो आणि ती वाट किल्ल्याइतकीच सुंदर आहे. बसने किंवा गाडीने जाणाऱ्यांना ती चुकते. पाणी सोबत चालतं, पायाखाली पानांचा थर, आणि शेवटपर्यंत किल्ल्याचा पत्ता नाही. ज्यांना सह्याद्रीतल्या वाटांची सवय आहे त्यांनी इकडूनच जावं.

मात्र गड बघणाऱ्याच्या नजरेतून एक शंका लगेच येते. भोवतीचे डोंगर किल्ल्याहून उंच आहेत. आपल्याकडे बालेकिल्ल्यावर मारा करता येईल असा डोंगर शेजारी मोकळा सोडणं ही मोठी चूक धरली जाते. पुरंदरला वज्रगड हातचा गेला आणि मग पुरंदर अडचणीत आला, हे आपण सगळेच वाचत आलोय. एल्ट्सला हे कधी नडलं नाही?

तवारीख

@गडवाट, नडलं, आणि चांगलंच नडलं. त्यासाठीच लिहायला बसलो. मूळ धाग्यातलं चित्र फारच गोड आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो.

१३३१ ते १३३६ हा काळ 'एल्ट्सची फेड', म्हणजे एल्ट्सचं वैर म्हणून ओळखला जातो. ट्रियरचा आर्चबिशप बाल्डुइन हा साधा धर्मगुरू नव्हता. सम्राट सातव्या हाइनरिखचा तो सख्खा भाऊ, आणि सम्राट निवडण्याचं मत असलेला राजपुरुष. त्याला मोझेलच्या खोऱ्यातले स्वतंत्र सरदार आपल्या हाताखाली हवे होते. एल्ट्स, वाल्डेक, श्योनेक आणि एरेनबुर्ग या घराण्यांनी एकी करून त्याला विरोध केला.

बाल्डुइनने काय करावं? समोरच्या चढावर, एल्ट्सच्या डोक्यावर, स्वतःचाच एक छोटा किल्ला बांधला. ट्रुट्सएल्ट्स त्याचं नाव. तिथून खाली दगडांचा मारा. त्याचे अवशेष आजही झाडीत उभे आहेत, वर जाऊन बघितलं की एल्ट्स किती उघडा आहे ते कळतं. शेवटी एल्ट्सवाल्यांना तह करावा लागला. स्वातंत्र्य गेलं, आर्चबिशपचे मांडलिक झाले.

तेव्हा 'आपसात भांडले नाहीत म्हणून टिकले' हे मला अर्धंच खरं वाटतं. हरल्यावर वेळेत वाकले, हे त्यातलं दुसरं अर्ध. जे अडून राहिले असते त्यांचा किल्ला पाडला गेला असता.

मोझेलकाठ

@तवारीख, फेडचं मुद्दाम लिहिलं नव्हतं, धागा लांबेल म्हणून. तुम्ही आणलंत ते बरं झालं. पण मला त्यातूनही माझाच मुद्दा दिसतो. वेढ्यात उपासमार चालू असताना तीनातल्या एका शाखेने आर्चबिशपशी गुपचूप सूत जमवून दरवाजा उघडला असता तर? आपल्या इतिहासात असे दरवाजे कितीदा आतून उघडलेत.

माणदेशी

प्रश्न वाचला आणि आमचा वाडा डोळ्यांसमोर आला. लिहितो.

आमच्या पणजोबांचा वाडा, दोन चौकी. चार भाऊ होते, चौघांत वाटणी झाली. खोल्या वाटल्या, माड्या वाटल्या, परसातली चिंचेची झाडं मोजून वाटली. दिंडी दरवाजा मात्र सामाईक, विहीर सामाईक आणि मधला चौक सामाईक. विहिरीला पाळ्या लावल्या होत्या, त्या बऱ्याच वर्षं नीट चालल्या, कारण पाणी सगळ्यांना रोज लागायचं. दरवाजाचं तसं नाही. दरवाजा कोणाचाच नाही.

मी दहा वर्षांचा असताना दरवाजाच्या वरच्या तुळईला वाळवी लागली. चुलत आजोबा म्हणाले, चौघांनी मिळून खर्च करू. एकाने म्हटलं, माझा तर वापरच नाही, मी मागच्या बाजूने जातो. दुसरा म्हणाला, आधी मागचा हिशेब मिटवा. तुळईला खालून एक बाभळीचा टेकू लावला. तो टेकू सतरा वर्षं होता. आम्ही पोरं त्याला धरून गोल फिरायचो, तिथं लाकूड हाताने गुळगुळीत झालं होतं. एका पावसाळ्यात रात्री तुळई बसली आणि वरची नगारखान्याची माडी चौकात आली. माणूस कोणी नव्हतं खाली, एवढंच दैव.

आज तिथं भिंती उभ्या आहेत आणि त्यांच्यात पिंपळ. सातबाऱ्यावर आणि सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर मिळून एकतीस नावं आहेत. म्हणून मला त्या करारात नेमकं काय लिहिलं होतं ते ऐकायचंय. दरवाजाचा खर्च कोणी करायचा हे त्यात होतं का?

निशिगंध

@माणदेशी, टेकूचं वाचून गलबलून आलं. आमच्याकडेही हीच कथा, फक्त दरवाजाच्या जागी जिना.

देवराई

मी वास्तुरचनेच्या अंगाने थोडं लिहिते. शिकत असताना एक पूर्ण दिवस तिथे काढला होता. आतले फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे सगळं नीट बघून मनात ठेवावं लागलं आणि म्हणूनच आजही आठवतं.

एकाच चौकात चार-पाचशे वर्षांचं बांधकाम एकमेकांना चिकटून उभं आहे. सगळ्यात जुना प्लाटएल्ट्सचा बुरूज. मग १४७२ चं रुबेनाख घर. मग साधारण १४९० ते १५४० मधली रोडेनडॉर्फची घरं. केम्पेनिखचं काम १६०४ च्या सुमारास सुरू झालं, मध्ये तीस वर्षांचं युद्ध आलं आणि ते १६६१ ला पुरं झालं. खाली दगड, वर लाकडी सांगाडा आणि त्यात भरलेल्या पांढऱ्या भिंती. जागा नव्हती म्हणून सगळे उंच गेले. पण शैली जुळावी असा कोणाचा हट्ट नाही. तरीही डोळ्याला खटकत नाही, कारण मापं माणसाच्या बेताची आहेत.

रुबेनाख घराची निजायची खोली मला फार आवडली. भिंतींवर पंधराव्या शतकातली वेलबुट्टी आहे. त्या खोलीला लागून छोटं प्रार्थनास्थान आहे आणि ते भिंतीच्या बाहेर काढलेल्या सज्जात बसवलंय. का? वेदीच्या डोक्यावर माणसाने राहू नये असा नियम. घर आठ मजली, म्हणजे आत कुठेही वेदी ठेवली तरी वर कोणीतरी राहणारच. म्हणून वेदीच भिंतीबाहेर नेली, तिच्यावर फक्त छप्पर आणि आकाश. आपल्याकडे देवघराच्या वर पाय पडू नये म्हणतात, तीच भावना.

आणि रोडेनडॉर्फचं स्वयंपाकघर! चुलीवर भांडं टांगायला दातेरी लोखंडी पट्टी आहे. आच कमी-जास्त करता येत नाही, म्हणून भांडंच एकेक दात वर-खाली करायचं. मी ती पट्टी बघत इतका वेळ उभी राहिले की गट पुढे निघून गेला.

चाळकरी

देवराईताई, एक विचारू का? शंभर माणसं आणि ऐंशी खोल्या, तर सकाळची सोय काय होती?

देवराई

@चाळकरी, हा प्रश्न तिथे प्रत्येक गटात कोणीतरी विचारतंच. 😄 भिंतीतून बाहेर काढलेले वीसेक शौचकूप आहेत आणि पावसाचं पाणी वापरून ते धुवायची सोय होती. चाळीसेक खोल्यांत शेकोट्या होत्या. त्या काळात अशी ऐट राजवाड्यांतही नसायची.

चाळकरी

वीस! आमच्या मजल्यावर बावीस बिऱ्हाडांना चार होते आणि तरी आम्ही सुखाने नांदलो. शंभर माणसांना वीस म्हटल्यावर भाऊबंदकीचं निम्मं कारण तिथेच संपलं. 😄

गडवाट

हसू नका, यात तथ्य आहे. रायगड आणि सिंधुदुर्गावरचे शौचकूप बघितल्यावर कळतं की ज्यांना गडावर वर्षानुवर्षं माणसं ठेवायची होती त्यांनी याचा विचार आधी केला होता.

नाणी_नोटा

जुन्या जर्मन ५०० मार्कांच्या नोटेच्या मागच्या बाजूला हाच किल्ला आहे, १९६० च्या दशकातल्या मालिकेत. माझ्या संग्रहात एक आहे, काकांनी जर्मनीहून आणलेली. लहानपणी भिंग घेऊन त्याच्या खिडक्या मोजायचो. आज नाव कळलं. मोझेलकाठ, मनापासून आभार.

तवारीख

पुढची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण टिकण्याचं खरं उत्तर मला तिथे दिसतं.

१६८८-८९. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या फौजा ऱ्हाइनच्या मुलखात शिरल्या आणि ठरवून किल्ले उडवत सुटल्या. एल्ट्सपासून जवळच मोझेलवर कोखेम आहे. तिथला किल्ला १६८९ मध्ये त्यांनी सुरुंगाने उडवला. आज तिथे दिसतो तो एकोणिसाव्या शतकात एका बर्लिनच्या श्रीमंत व्यापाऱ्याने पुन्हा बांधलेला. हायडेलबर्गच्या किल्ल्याचीही फ्रेंचांनी हीच गत केली. आपल्याकडे १८१८ नंतर इंग्रजांनी गडांच्या वाटा, पायऱ्या आणि दरवाजे फोडले, त्यामागेही हेच गणित: पुन्हा कोणी वर जाऊन बसू नये.

एल्ट्स का वाचला? हान्स आंटोन त्सु एल्ट्स-युटिंगेन हा याच घराण्यातला माणूस फ्रेंच सैन्यात वरच्या हुद्द्यावर होता. पाडायच्या किल्ल्यांच्या यादीतून त्याने एल्ट्स काढवून घेतला. किल्ला ना तटाने वाचला, ना करारनाम्याने. एक भाऊबंद योग्य जागी होता म्हणून वाचला.

शब्दवेल

@तवारीख, पण तो युटिंगेनवाला होता. त्या किल्ल्यात त्याची स्वतःची खोली असेलच असं नाही. लांबच्या शाखेतल्या माणसाला तो दगड आपला वाटला, यालाच तर एकी म्हणायचं ना? भाऊबंदकी मुरलेल्या घरात त्याच माणसाने यादीवर एल्ट्सचं नाव सगळ्यात वर लिहिलं असतं.

तवारीख

हे मान्य करतो. असा विचार केला नव्हता.

डॅन्यूबकाठ

व्हिएन्नाहून लिहितेय. या घराण्याचा एक धागा इकडे पूर्वेला येतो.

या घराण्यातून दोन मोठे आर्चबिशप झाले. याकोब फॉन एल्ट्स १५६७ ते १५८१ ट्रियरचा, म्हणजे ज्या गादीने त्यांना गुडघे टेकायला लावले तीच गादी सव्वादोनशे वर्षांनी घरात आली. आणि फिलिप कार्ल, सोनेरी सिंहाच्या केम्पेनिख शाखेतला, १७३२ पासून माइन्त्सचा. त्याने १७३६ मध्ये आजच्या क्रोएशियातली व्हुकोवारची जहागीर विकत घेतली. डॅन्यूबच्या काठावर तिथे एल्ट्सांचा मोठा वाडा आहे. १९४४ मध्ये घराण्याला तिथून हाकललं गेलं. १९९१ च्या युद्धात व्हुकोवारला पडलेल्या वेढ्यात तो वाडा अक्षरशः चाळणी झाला. मी तो दुरुस्तीनंतर पाहिला, आज तिथे संग्रहालय आहे. बाहेरच्या भिंती कोऱ्या गुळगुळीत आहेत, पण गावात फिरताना इतर इमारतींवर गोळ्यांचे व्रण अजून दिसतात.

म्हणजे एकाच घराण्याच्या दोन वास्तू. एक युद्धांच्या वाटेपासून दूर झाडीत, दुसरी ऐन नदीच्या रस्त्यावर. माझं मत असं की पैसा आणि मान दुसरीकडे मिळू लागला, म्हणून जुन्या किल्ल्याला कोणी हात लावला नाही. तो पाडून नव्या चालीचा महाल बांधायची कोणाला गरजच पडली नाही. तसाच राहिला, म्हणून राहिला.

कोकणी_मुलुख

मूळ धाग्यात 'किल्ला कधीच पडला नाही' असा सूर आहे, त्यात छोटी भर: १९२० मध्ये मोठी आग लागली होती आणि केम्पेनिख घरांचा दक्षिणेकडचा भाग जळाला. दहा वर्षांनी, १९३० पर्यंत, तो पुन्हा उभा केला.

मोझेलकाठ

बरोबर. धन्यवाद. शत्रूने पाडला नाही, एवढंच म्हणायला हवं.

वकिलीणबाई

दोन दिवस हा धागा वाचतेय. वीस वर्षं दिवाणी दाव्यांत गेली आणि त्यातले बहुतेक वाटणीचे, तेव्हा लिहायलाच हवं.

@माणदेशी, तुमच्या प्रश्नाकडे येते. अशा बुर्गफ्रीडन करारांत साधारण काय असायचं ते पाहिलं तर आपल्या वाटणीपत्रांत काय नसतं ते कळतं. हद्द ठरलेली असायची: या ओढ्यापासून या झाडापर्यंत करार लागू. त्या हद्दीत कोणी कोणावर शस्त्र उपसायचं नाही, बाहेर वैर असलं तरी. मोडलं तर शिक्षा ठरलेली. एका हिस्सेदाराचा शत्रू दुसऱ्याने आत घ्यायचा नाही. दरवाजा, पहारा, पूल, विहीर, तट यांचा खर्च सगळ्यांनी मिळून करायचा. आणि हिस्सा विकायचा झाला तर आधी घरातल्यांना विचारायचं.

शेवटचं कलम आपल्याकडेही आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ नुसार पहिल्या वर्गातल्या वारसांपैकी एकाने वारशाने आलेला हिस्सा विकायला काढला तर इतरांना तो घ्यायचा अग्रहक्क आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ सांगतं की राहत्या घरातला हिस्सा परक्याने विकत घेतला तरी त्याला घरात घुसून एकत्र राहायचा हक्क मिळत नाही. कायदा आहे. पण दुरुस्तीचा खर्च? त्याची तरतूद वाटणीपत्रात करून घ्या असं मी प्रत्येक पक्षकाराला सांगते. दहातले नऊ म्हणतात, "ताई, ते आम्ही आपसात बघू."

खोल्या, झाडं आणि भांडी मोजून घेतात. छप्पर कोणी शाकारायचं ते लिहून घेत नाहीत.

माणदेशी

ताई, तुम्ही आमचं वाटणीपत्र वाचल्यासारखं लिहिलंत. त्यात चिंचेची झाडं आहेत, तांब्याचा बंब आहे, गोठ्यातली दगडी गव्हाणसुद्धा आहे. दिंडी दरवाजा म्हणून एकच ओळ: "सामाईक राहील".

सह्यकडा

सगळे करारावर एवढे भाळलात म्हणून विरोधात लिहितो. तारखा बघा. रोडेनडॉर्फ शाखा १७८६ मध्ये निर्वंश झाली. १८१५ मध्ये हुगो फिलिप या केम्पेनिखच्या काउंटने रुबेनाखांचा हिस्सा विकत घेतला आणि तो एकटा मालक झाला. आणि किल्ल्याची पहिली मोठी, मनापासून केलेली दुरुस्ती कधी झाली? १८४५ ते १८८८, काउंट कार्लच्या हाताखाली, १,८४,००० मार्क खर्चून. म्हणजे मालक एक झाल्यावर.

सामाईक असताना टिकला हे खरं. पण सजला तो एकाच्या हातात आल्यावर. माणदेशी, तुमच्या वाड्याला करार नको, एकतीसपैकी एक असा हवा जो बाकी तिसांचे हिस्से घेईल.

देवराई

@सह्यकडा, टिकलंच नसतं तर कार्लने दुरुस्त काय केलं असतं? १४७२, १५४० आणि १६६१ ही सगळी बांधकामं सामाईक काळातलीच आहेत. आणि कार्लच्या कामाचं कौतुक यासाठी होतं की त्याने जे होतं त्याला धक्का लावला नाही. त्या काळात जर्मनीत जुन्या किल्ल्यांवर कल्पनेतले बुरूज चढवायची लाट होती. तिन्ही घरं वेगवेगळी दिसतात, ती त्याने तशीच ठेवली. एकाच माणसाची आवड तिथे फिरली असती तर आज आपण वेगळाच किल्ला बघत असतो.

सह्यकडा

तेही खरंच. माझा मुद्दा पैशांपुरता होता. एकतीस जणांची वर्गणी गोळा होणं अवघड, एवढंच म्हणायचंय.

बाहुली_काकू

नातीला तिथे घेऊन गेले होते. शस्त्रांच्या दालनात एक छातीचं चिलखत आहे, त्याला भोक पडलंय. आग्नेस नावाच्या एल्ट्सच्या मुलीची दंतकथा सांगतात. ठरवलेलं लग्न तिने नाकारलं, चिडलेला नवरदेव किल्ल्यावर चालून आला, तेव्हा भावाचं चिलखत चढवून ती लढली आणि पडली. नात ते भोक बघून म्हणाली, "आजी, तिने लग्न नाही केलं ते बरोबर केलं." घरी येईपर्यंत दुसरा विषय नाही.

मोझेलकाठ

@बाहुली_काकू, नातीला माझ्याकडून शाबासकी.

सगळ्यांचं वाचून बाबांना फोन केला. त्यांना सगळं वाचून दाखवलं, माणदेशींचा टेकू ऐकल्यावर ते गप्प झाले. मग त्यांनी त्या मोठ्या दालनाची आठवण काढली, ते इथे लिहायचं राहूनच गेलं होतं.

किल्ल्यात एक 'रिटरझाल' आहे, सरदारांचं दालन. तिन्ही शाखांचं मिळून एक. सामाईक विषय तिथे बसून बोलायचे. भिंतींवर विदूषकांची लाकडी तोंडं कोरलेली आहेत आणि दारावर एक गुलाब. वाटाड्याने सांगितलं की विदूषकाला जसं राजासमोरही काही बोलायची मुभा असते तशी या दालनात प्रत्येकाला आहे. आणि गुलाबाचा अर्थ असा की इथे बोललेलं या दाराबाहेर न्यायचं नाही. आम्ही तिथून बाहेर पडत होतो तेव्हा बाबा त्या गुलाबाखाली थांबले होते. मला वाटलं गुडघा दुखतोय.

फोनवर म्हणाले, "आपल्या घरात बोलायला जागाच नव्हती रे. माजघरात बोललेलं परड्यात पोचायचं आणि परड्यातलं पारावर."

निशिगंध

हे वाचून आईला फोन केला. तिचंही हेच म्हणणं.

तवारीख

तर मग मी माझं मत थोडं बदलतो. वाकणं, नशीब आणि योग्य जागचा नातेवाईक हे तिन्ही लागतंच. पण वाकायचं की लढायचं हे तीन घरांनी मिळून ठरवायला एक खोली होती, हे मी धरलं नव्हतं.

माणदेशी

वकिलीणबाई, व्यनि (खासगी निरोप) केलाय, बघाल का? सह्यकडांचं म्हणणं पटतं, पण तीस हिस्से घेण्याची माझी ऐपत नाही. वाडा उभा राहणार नाही हे मला कळतं. पण विहीर अजून आहे, पाणी अजून आहे. पुढच्या चैत्रात जत्रेला एकतीसमधले वीस-बावीस तरी गावात असतात. तेव्हा देवळाच्या ओसरीवर बसवून निदान विहिरीचा कठडा आणि दरवाजाच्या राहिलेल्या दोन खांबांची जबाबदारी कोणाची, एवढा एक कागद करायचा विचार आहे. त्यात खर्चाचं कलम कसं लिहायचं ते तुमच्याकडून हवंय.

वकिलीणबाई

पाहिला. उद्या मसुदा पाठवते. फी नको, जत्रेचं बोलावणं द्या.

गडवाट

मोझेलकाठ, शेवटचा व्यावहारिक प्रश्न. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोब्लेन्झला येतोय, मित्र सोबत आहेत. ट्रुट्सएल्ट्सच्या अवशेषांपर्यंत जायचं आहे. जमेल का?

मोझेलकाठ

किल्ला १ एप्रिलपासून १ नोव्हेंबरपर्यंतच उघडा असतो. दोन-तीन दिवस पुढे ढकलता आलं तर आतूनही बघून होईल. ट्रुट्सएल्ट्स झाडीतच आहे, एल्ट्सपासून पायी लांब नाही. बूट चांगले घाला, पानांखालची माती तेव्हा ओली असते. तारीख कळवा, मी मोझेलकर्न स्टेशनवर येतो, ओढ्याच्या वाटेनेच जाऊ. दहावी खेप.